कोनशिला पुष्कळ झाल्या, आता पाळीचे पाणी दाखवा



वऱ्हाडातल्या कोरडवाहू कास्तकाराला गेली चाळीस वर्षे एकच उत्तर मिळत आले आहे. पऱ्हाटी वाळली? धरण होत आहे. ज्वारी पोटऱ्यातच करपली? धरण होत आहे. सोसायटीचे कर्ज थकले, सावकार दारात आला? थोडे थांबा, धरण होत आहे. आमचे बाप हे ऐकत म्हातारे झाले. आम्ही ऐकत आलो आणि आता आमच्या पोरांना तेच ऐकवले जात आहे.

या जुन्या उत्तराला २०२४ साली नवे कापड चढवले गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. खर्च ८७,३४२ कोटी रुपये. गोसीखुर्द धरणातून पाणी उचलायचे आणि सुमारे ४२६ किलोमीटर कालव्याने ते बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायचे. वाटेत नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा असे सहा जिल्हे. भिजणार किती? ३ लाख ७१ हजार हेक्टर. मंजुरी झाली, हार-तुरे झाले, फलक लागले.

आम्ही धरणाचे वैरी नाही. पाणी नको म्हणणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. पण आम्ही हिशेब मागणारे आहोत. दुकानदार मागची उधारी फेडत नसेल तर त्याला नवा माल कोणी देत नाही. मग ज्या खात्याने गोसीखुर्दचा जुना हिशेब पुरा केला नाही, त्याच खात्याच्या त्याच धरणावर ८७ हजार कोटींचा नवा मजला चढवताना आम्ही टाळ्या का वाजवायच्या?

गोसीखुर्दचा सातबारा

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाजी किंमत ३७२ कोटी रुपये होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजेल असे तेव्हा सांगितले गेले. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. म्हणजे पैशाची अडचणही दूर झाली, कारण राष्ट्रीय प्रकल्पाला मोठा वाटा दिल्लीहून येतो. आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने त्याच धरणाची सुधारित किंमत मंजूर केली : जवळपास २६ हजार कोटी रुपये. काम अजून बाकी आहे म्हणूनच ही मंजुरी लागली.

भूमिपूजनाच्या दिवशी जन्मलेले पोर २०२५ साली सदतीस वर्षांचे झाले. त्याचे लग्न झाले, त्याची पोरे शाळेत जातात. कालव्याचे अस्तरीकरण मात्र एकदा होते, उखडते आणि पुन्हा निविदा निघते.

भिंत उभी राहिली, दारे बसली, पाणी अडले. मग काय राहिले? राहिले ते, ज्याच्यामुळे धरणाला धरण म्हणायचे. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, लघुवितरिकेतून शेतचारी आणि शेतचारीतून तुमच्या धुऱ्यापर्यंत पाणी. भिंतीचे काम मोठ्या ठेकेदाराचे असते आणि तिथे मोठे बिल निघते. शेतचारीचे काम किरकोळ असते, तिथे कोनशिलाही लागत नाही. म्हणून भिंत आधी होते आणि चारी कधीच होत नाही. हा एका धरणाचा अपघात नाही. सगळीकडे असेच घडते, कारण पैसा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूने काम सरकते.

यात ज्यांची गावे बुडाली त्यांना विसरू नका. धरणाखाली जमीन देणारा तोही शेतकरीच. त्याला मोबदल्यासाठी आणि गावठाणातल्या नळ-रस्त्यासाठी पंचवीस वर्षे मोर्चे काढावे लागले, तेव्हा कुठे २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचे पॅकेज निघाले. आणि नागपूर शहराची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे वाहत येते ती याच जलाशयात. ज्याने जमीन दिली त्याला गढूळ पाणी, आणि ज्याला पाणी कबूल केले त्याला कोरडी चारी.

धरणाचा भाव आणि कापसाचा भाव

साहेब लोक म्हणतील, महागाई वाढली, सिमेंट वाढले, लोखंड वाढले, किंमत वाढणारच. चला, महागाई धरू. ३७२ कोटींचे जवळपास २६ हजार कोटी झाले, म्हणजे सत्तर पट.

आता तुमच्या मालाकडे बघा. १९८३ च्या सुमारास लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५०० रुपयांच्या आसपास होता. २०२५-२६ च्या हंगामाला तो ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे सोळा पट. हा भाव सुद्धा ज्याला खरेदी केंद्रावर नंबर लागला त्याचा. बाकीच्यांनी किती खाली विकला ते तुमचे तुम्हाला ठाऊक. धरणाला जी महागाई लागली तीच कापसाला लागली असती तर आज क्विंटलला ३५ हजार रुपये मिळाले असते. पण महागाईसुद्धा माणूस ओळखते. ठेकेदाराच्या बिलाला ती सत्तर पट चढते आणि कास्तकाराच्या बोंडाला सोळा पटीवर दम लागतो.

गोसीखुर्द एकटे नाही. बुलढाण्यात पूर्णा नदीवरचे जिगाव धरण नव्वदच्या दशकात ३९४ कोटींचे होते, ते तेरा हजार कोटींच्या पुढे गेले. २००९ साली तर कमाल झाली. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली, आणि या मंजुऱ्यांना काही महिनेच पुरले. पीककर्जाच्या पुनर्गठनाचा कागद तालुक्यातून जिल्ह्यात जायला हंगाम निघून जातो. वीस हजार कोटींचा कागद मात्र उन्हाळ्यातून पावसाळ्यात पोचायच्या आत सह्या घेऊन परत येतो.

'क्षमता' नावाची चलाखी

मग धरणे बांधून सिंचन वाढले की नाही? इथे एक शब्द नीट समजून घ्या. तो शब्द आहे 'निर्मित सिंचन क्षमता'.

धरणात पाणी अडले आणि कालवा अमुक मैलापर्यंत खोदला की त्या कालव्याखालची सारी जमीन कागदावर 'क्षमता' म्हणून चढते. चारी झाली का, पाणी सुटले का, तुमच्या वावरात पोचले का, हे त्यात येत नाही. प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले तो आकडा वेगळा. मंत्री भाषणात क्षमता सांगतात. पीक मात्र क्षमतेवर येत नाही, पाण्यावर येते. बैल बाजारात उभा आहे म्हणून तुमचे वावर वखरून होत नाही, तसेच हे.

ही चलाखी एकदा उघडी पडली. सरकारच्याच आर्थिक पाहणीने २०१२ साली सांगितले की राज्यातले ओलिताचे प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के होते आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. इतक्या वर्षांत एक दशांश टक्का! या काळात पाटबंधाऱ्यांवर ७० हजार कोटी खर्च झाल्याची चर्चा राज्यभर गाजली. राजीनामा झाला, पुढे पद परतही मिळाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, तिने ५.१७ टक्के वाढ झाल्याचे सांगितले. एकाच सरकारच्या दोन खात्यांचे दोन आकडे! माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले, २०१४ साली अहवाल आला, गैरप्रकारांवर बोट ठेवले. मग लाचलुचपत खात्याच्या चौकशा झाल्या, काही गुन्हे नोंदले, काही प्रकरणे बंद झाली. सरकारे बदलली. काल जे बैलगाडीभर पुरावे घेऊन फिरत होते ते आणि ज्यांच्यावर आरोप होता ते, आज एका पंगतीत जेवतात.

आम्ही कोणा एका पक्षाचे नाव घेत नाही. घ्यायचे तर सगळ्यांचे घ्यावे लागेल.

एवढे ध्यानात असू द्या : देशातल्या मोठ्या धरणांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास धरणे एकट्या महाराष्ट्रात आहेत. धरणे सर्वांत जास्त आणि राज्यातले पाच भागांतले चार भाग रान कोरडे. याला पाण्याचा तुटवडा म्हणायचे की हिशेबाचा?

मेलेल्यांच्या नावावर

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आता सांगतो. २००६ साली आत्महत्यांनी वऱ्हाड हादरला. पंतप्रधान मनमोहन सिंग आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातले २,१७७ कोटी कशासाठी होते? सिंचन प्रकल्पांसाठी. म्हणजे विधवेच्या कुंकवाच्या नावावर आलेल्या रुपयातले अठ्ठावन्न पैसे पाटबंधारे खात्याच्या पदरात पडले. तीन वर्षांत कामे पुरी होतील असे सांगितले होते. नंतर २०१८ साली पुन्हा नव्या नावाने, 'बळीराजा जलसंजीवनी' म्हणून, विदर्भ-मराठवाड्याच्या आणि इतर दुष्काळी भागांतल्या ९१ अपुऱ्या प्रकल्पांसाठी केंद्राची मदत मंजूर झाली. नाव बळीराजाचे, संजीवनी कोणाला मिळाली ते ज्याने त्याने आपल्या गावाजवळच्या कालव्यावर जाऊन पाहावे.

काही जाणती माणसे आमच्या कानात सांगतात, "फार बोलू नका. विदर्भाचा अनुशेष आहे. तुम्ही बोंबललात तर पैसा पुन्हा कृष्णा खोऱ्यात जाईल." अनुशेष खरा आहे. १९८४ साली दांडेकर समितीने तो मोजून दाखवला. १९९४ साली वैधानिक मंडळे झाली, पुढे राज्यपालांचे निर्देश निघाले. कृष्णा खोऱ्यात रोख्यांचा पैसा ओतला जात होता तेव्हा आपल्याकडे ठणठणाट होता, हेही खरे. पण अनुशेष रुपयांत मोजला गेला हीच मेख आहे. रुपये आले, खर्ची पडले, अनुशेष भरल्याचा दाखला तयार झाला. जमीन कोरडीच राहिली. म्हणून आमचे म्हणणे असे की अनुशेष ओल्या झालेल्या एकरांत मोजा. वाळलेल्या पऱ्हाटीला रुपयांचा दाखला दाखवून ती हिरवी होत नाही.

पाणी आले तरी कोणाला?

समजा, उद्या चमत्कार झाला आणि सगळे कालवे पुरे झाले. तरी ते पाणी पऱ्हाटीला मिळेल याची हमी काय?

अमरावती जिल्ह्यातल्या अप्पर वर्ध्याचे उदाहरण घ्या. धरण शेतीच्या नावाने बांधले. पुढे मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने त्यातले ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाला दिले. शेतकरी रस्त्यावर आले, कोर्टात गेले. २००३ च्या जलनीतीत कारखान्याचा नंबर शेतीच्या आधी लावला होता. ओरड झाल्यावर २०११ साली शेतीला दुसरा नंबर दिला गेला. पण त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून पाण्याच्या वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाने स्वतःकडे घेतला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने नेले. वैनगंगा-नळगंगेच्या कागदावर सुद्धा जवळपास चौथा हिस्सा पाणी पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी आहे. पिण्याच्या पाण्याला कोणाचीच हरकत नाही. पण आज चौथा हिस्सा आहे तो उद्या अर्धा होणार नाही, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

उरलेल्या पाण्याचे काय होते तेही राज्याने पाहिले आहे. राज्यातल्या लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी जमीन उसाखाली आणि ओलिताच्या पाण्यातले ७० टक्के पाणी त्याच उसाला, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहून ठेवले आहे. ऊसवाला शेतकरी आमचा शत्रू नाही. त्याला ज्या पिकात भाव दिसला ते त्याने घेतले. पण वाटपाचा नियमच असा की कालव्याच्या तोंडाशी असलेला भरपूर घेतो आणि शेपटाकडचा आकाशाकडे बघतो.

कापूस आणि ज्वारी कमी पाण्यावर समाधानी असणारी पिके आहेत. त्यांना बारमाही आवर्तन नको. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली आणि पऱ्हाटी पाती-फुलावर असली, की पाच सेंटीमीटरची एक पाळी. बोंडे भरताना आणखी एक. ज्वारी पोटऱ्यात असताना एक पाळी दिली तर कणीस भरते. एक हेक्टर ऊस वर्षभरात जेवढे पाणी पितो, तेवढ्यात पंधरा-वीस हेक्टर पऱ्हाटीला अशा दोन पाळ्या बसतात. शिवाय आपली भारी काळी जमीन जास्त पाण्याने चिबड होते, आणि पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर बेहिशेबी ओलिताने खार वर येतो. त्या जमिनीत निचऱ्याची सोय केल्याशिवाय कालवा फिरवणे म्हणजे तापात न्हाऊ घालणे आहे.

साडेतेवीस लाखांत काय होते?

आता शेवटचा हिशेब, आणि हा प्रत्येकाने घरी पाटीवर मांडून पाहावा. ८७,३४२ कोटी रुपयांत ३ लाख ७१ हजार हेक्टर. म्हणजे एका हेक्टरला साडेतेवीस लाख रुपये. पिण्याच्या आणि उद्योगाच्या पाण्याचा चौथा हिस्सा वजा करा. तरी साडेसतरा लाख रुपये उरतात. हा २०२४ चा अंदाज झाला. गोसीखुर्दचा इतिहास पाहता पुढचा आकडा काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

२०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' आणले तेव्हा अनुदान होते जास्तीत जास्त ५० हजार रुपये. तेवढ्यात तळे होत नाही हे आम्हाला माहीत आहे. पुरे लाखभर धरा. एका हेक्टरच्या त्या साडेसतरा लाखांत सतरा शेततळी होतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. निम्मे मुरले, उडाले असे धरले तरी दोन हेक्टर पऱ्हाटीची एक पाळी निघते. म्हणजे ज्या पैशात कालव्याने एक हेक्टर भिजवायचे, त्यात चौतीस हेक्टर पीक खंडाच्या दिवसांत वाचते. आणि त्यासाठी ना गाव उठवावे लागते, ना चाळीस वर्षे थांबावे लागते.

शेततळ्याने सगळे भागते असे आम्ही म्हणत नाही. पाऊसच झाला नाही तर तळे कोरडे राहील. मोठ्या शहराची तहान तळ्याने भागत नाही. नाला-बांधबंदिस्तीच्या कामांतही खोटी बिले निघाली आहेत. पण तळ्याचे काम तुमच्या धुऱ्यावर असते. खड्डा खोदला की नाही हे गावातले पोरगेही सांगू शकते. ४२६ किलोमीटरच्या कालव्यातली चोरी मोजायला पोरगे कुठून आणणार?

आमचे मागणे

१. गोसीखुर्द, जिगाव आणि विदर्भातले जे जे कालवे अपुरे आहेत, ते शेतचारीपर्यंत पुरे झाल्याशिवाय नव्या मोठ्या प्रकल्पाचा नारळ फोडू नये. पूर्वेच्या धानवाल्याचे ताट भरण्याआधी त्यातले पाणी पश्चिमेच्या कापूसवाल्याला दाखवणे म्हणजे भावा-भावांत लावून देणे आहे.

२. प्रत्येक लाभक्षेत्रातल्या गावात ग्रामपंचायतीसमोर पाटी लावावी : मान्यतेचे साल, तेव्हाची किंमत, आजची किंमत, कबूल केलेले हेक्टर आणि मागच्या हंगामात प्रत्यक्ष भिजलेले हेक्टर. 'क्षमता' हा शब्द त्या पाटीवर नको.

३. पावसाच्या खंडात कापूस, ज्वारी, तूर यांच्या संरक्षित पाळीचा हक्क पहिला. त्यानंतर बारमाही पिके. पाणी मोजून द्यावे आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्थांच्या हाती द्यावे.

४. शेतीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी उद्योगाकडे वळवायचे असेल तर लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांची संमती घ्यावी.

५. नदीजोडासाठी जो दर हेक्टरी खर्च मंजूर केला, त्याच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च कोरडवाहू हेक्टरावर शेततळे, विहीर, दिवसाची वीज आणि निचरा यांसाठी करावा. नदीजोड होईल तेव्हा होईल.

६. धरणग्रस्तांचे पुनर्वसन पुरे झाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल देऊ नये.

भावांनो, हे ठराव जिल्हा मेळाव्यात मांडायचे आहेत. नुसते हात वर करून भागणार नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. प्रत्येक गावाने आपल्या जवळच्या एका प्रकल्पाचा एक अर्ज टाकावा आणि चारच प्रश्न विचारावेत : मंजुरी कधी, किंमत तेव्हा किती, आता किती, मागच्या हंगामात भिजले किती. उत्तर येईल तो कागद घेऊन पुढच्या बैठकीला या. उत्तर आले नाही तर अर्जाची पोच घेऊन या. सगळ्या गावांचे कागद एकत्र लावून आम्ही जिल्ह्याचा तक्ता याच पानावर छापू. मग पुढचा नारळ फोडायला जो कोणी येईल, त्याच्यासमोर तो तक्ता वाचून दाखवायचा आहे.